चढावरची टकटक

मित्रांनो, मी पिस्टन आहे. आता कामातून गेलो आहे, एका कडेने फुटलो आहे, तरी कोणी ओळख विचारली तर पिस्टन अशीच सांगेन. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिले नसेल. त्यात तुमचा दोष नाही, मी राहायचो ती जागाच तशी होती. गाडीच्या इंजिनात सिलिंडर नावाची एक गोल, गुळगुळीत, काळोखी खोली असते. तिला खिडकी नसते. छताला झडपा असतात, पण त्या हवा आणि पेट्रोल आत यायला आणि धूर बाहेर जायला. माझ्यासाठी नव्हेत. त्या खोलीत चार बोटे वर जायचे आणि चार बोटे खाली यायचे, एवढाच माझा प्रवास. गाडी दहा गावे हिंडून आली तरी मी आपला चार बोटांतच.

खरे सांगू? सुरुवातीला मला त्याचे काहीच वाटत नव्हते. उलट मला भलताच तोरा होता. पिस्टन दोन तऱ्हांचे असतात. वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले ते ओतीव, आणि तापवलेल्या गोळ्यावर प्रचंड दाब देऊन केलेले ते घडीव. ओतीव बिचारे साध्या गाड्यांत जातात, मुलांना शाळेत सोडतात, बाजारहाट करतात आणि सुखाने म्हातारे होतात. मी घडीव. आम्ही चौघे भाऊ एकाच कारखान्यात घडलो, आणि आमची डोकी सपाट न ठेवता मुद्दाम उंच केली होती. त्या उंचवट्याचा आम्हाला कोण अभिमान! आम्ही शर्यतीच्या गाडीत जाणार, हे आम्हाला खोक्यात असल्यापासूनच ठाऊक होते.

मात्र घडीव पिस्टनाला एक खोड असते. तापला की तो ओतीवापेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जरा सैल बसवावे लागते. सैल असल्यामुळे इंजिन गार असताना आम्ही भिंतींवर आपटतो आणि खडखड करतो. अंग तापले की फुगून नीट बसतो आणि गप्प होतो. गार पाण्याने आंघोळ करताना माणसे कुरकुरतात, तसलीच ती कुरकुर. तिच्यात काळजी करण्यासारखे काही नसते. पण या निरुपद्रवी खोडीपायीच पुढे माझ्या जिवावर बेतले.

मला खोक्यातून बाहेर काढले ते ताईने. तिचे गॅरेज एका अरुंद रस्त्यावर होते. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला लाँड्री. सकाळी शटर वर गेले की ग्रीसचा वास बाहेर यायचा आणि लाँड्रीवाली नाक मुरडून आपले पांढरे शर्ट दोन पावले आत सरकवायची. ताईला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकेसुद्धा. ती इंजिने बांधायची. दुसऱ्यांची पुष्कळ बांधली होती. हे इंजिन मात्र तिच्या धाकट्या भावाच्या गाडीचे होते आणि त्यात पहिल्यांदाच सगळे तिच्या मनासारखे होणार होते. हा धाकटा एका कार्यालयात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटाच्या शर्यतीत गाडी पळवायचा. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोण लवकर पोहोचतो, ती ही शर्यत.

मला बसवण्याआधी ताईने माप घेतले. माझ्या खोलीचे छत तिने टेबलावर उलटे ठेवले, त्यावर पारदर्शक पट्टी बसवली, कडेने ग्रीस लावले आणि एका बारीक नळीतून रंगीत पाणी थेंब थेंब आत सोडू लागली. पाणी किती मावते ते पाहायचे, आणि थेंब सांडला तर सगळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. तिची आई जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "अगं, इंजिन बांधतेस की बाळाला औषध पाजतेस?"

"बोलू नकोस आई, हात हलतो," ताई म्हणाली.

एवढे कशासाठी, ते तुम्हाला सांगतो. मी खाली असताना खोलीत बरीच हवा मावते. मी वर आलो की ती सगळी छताशी उरलेल्या फटीत दाबली जाते. साध्या गाडीत दहा वाट्या हवा एका वाटीत कोंबतात असे समजा. ताईने आमच्यासाठी तेरा वाट्या ठरवल्या होत्या. जितके जास्त दाबावे तितका स्फोट मोठा आणि गाडी जोरात. पण पेट्रोलच्या सोसण्यालाही मर्यादा असते. फार दाबले की ते तापते, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्याकोपऱ्यात स्वतःहून भडकते. दाब सोसून ज्योतीची वाट पाहण्याचा पेट्रोलचा जो धीर, त्याला ऑक्टेन म्हणतात. पंपावरच्या साध्या पेट्रोलचा धीर बेताचा असतो. शर्यतीच्या पेट्रोलचा मोठा. तेरा वाट्यांचे इंजिन मोठ्या धीराच्या पेट्रोलवरच चालवायचे असते.

माप झाल्यावर ताईने हात पुसले आणि भावाला विचारले, "पेट्रोल कुठलं घालणार?"

"शर्यतीचंच, ताई."

"नेहमी?"

"नेहमी म्हणजे नेहमी. तुझ्या गळ्याशपथ."

"माझा गळा राहू दे, टाकीचं बोल," ताई म्हणाली, पण ती खुशीत होती. मग तिने माझ्या अंगाभोवतीच्या खाचांत बसवलेल्या लोखंडी रिंगा आवळल्या, हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोकत मला आत सरकवले, वर छत ठेवले आणि बोल्ट कसले. माझ्याभोवती काळोख झाला.

इंजिन तपासायची ताईची एक रीत होती. तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून ती इंजिनाच्या अंगाला बोल्टने कसायची. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि तिची टोके कानांवरच्या जाड टोप्यांमध्ये. डॉक्टर छाती तपासतात तसाच प्रकार. मग धाकटा चाके फिरत्या रुळांवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवायचा आणि ही डोळे मिटून ऐकत बसायची. पेट्रोल वेळेआधी भडकले की पिस्टनाच्या डोक्यावर घाव बसतो आणि टक असा आवाज येतो, तो तिला ऐकायचा होता. त्या दिवशी मी तिच्यासाठी जीव ओतून धावलो. शेवटी तिने टोप्या काढल्या आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. एक टक नाही." मला त्या काळोखात एकदम कुणी पाहिल्यासारखे वाटले. आयुष्यात मी त्याहून सुखी कधी नव्हतो.

मग चांगले दिवस आले. धाकटा घाटात एकामागून एक गाड्यांना मागे टाकू लागला. एका शर्यतीनंतर एक वयस्क गृहस्थ गाडीपाशी आले. ते एका मोठ्या शर्यतसंघाचे प्रमुख होते. डोक्यावरची टोपी कधी काढत नसत, म्हणून मैदानावर सगळे त्यांना टोपीवाले म्हणत. त्यांनी बॉनेट उघडायला लावले, वाकून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे कोणी बांधलं?"

"आमच्या ताईनं," धाकटा छाती फुगवून म्हणाला.

"आमच्या इंजिनांच्या खोलीत माणूस हवाय," टोपीवाले ताईला म्हणाले. "हंगामाची शेवटची शर्यत बघतो. मग बोलू."

ताईने आयुष्यभर हेच मागितले होते. लाँड्रीच्या शेजारच्या गॅरेजात ती क्लच बदलून देत होती, आणि तिच्या मनात कायम मोठ्या संघाची इंजिने असायची. त्या दिवशी तिने घरी परतताना गाडी स्वतः चालवली आणि वाटेत एक अक्षर बोलली नाही. आनंद झाला की ती अशीच गप्प व्हायची.

याच सुमारास धाकट्याने एक तक्रार केली. "ताई, सकाळी गाडी ओढतच नाही गं. माझ्या सायकलीत जास्त दम आहे."

त्याचे कारण असे, की आमच्या भिंतीला आवाज टिपणारा एक छोटा यांत्रिक कान बसवलेला होता. टकटक ऐकू आली की तो ठिणगी जरा उशिरा पाडायला लावतो. त्याने जोर कमी होतो, पण पिस्टन वाचतो. बिचाऱ्याला आवाजातला फरक मात्र कळत नसे. सकाळची माझी गार अंगाची खडखड ऐकून तो घाबरायचा आणि ठिणगी मागे ओढायचा. ताईने लॅपटॉप जोडला, पाहिले आणि तिला हसू आले. "तुझे पिस्टन कुरकुरतात आणि हा दचकतो. थांब, याला जरा बहिरा करते. पेट्रोल बरोबर असल्यावर याला काम तरी काय आहे?"

कान बहिरा झाला. गाडी सकाळीही पळू लागली. पेट्रोल बरोबर असते तर ताईचे त्यात काहीच चुकले नव्हते.

आता धाकट्याविषयी सांगतो. तो वाईट मुळीच नव्हता. गाडीवर त्याचा जीव होता, म्हणून तर सगळे घडले. शर्यतीचे पेट्रोल पिंपांत भरून मैदानावरच मिळायचे, आणि तेही शर्यत असेल तेव्हाच. एकदा परतताना टाकी संपत आली, तेव्हा त्याने वाटेतल्या पंपावर साधे भरले. "घरापुरतंच," तो स्वतःशी पुटपुटला. गाडी घरी पोहोचली आणि काही झाले नाही. मग तो एक दिवस ती गाडी घेऊन कार्यालयात गेला, सगळ्यांनी भोवती जमून कौतुक केले. मग रोजच नेऊ लागला. शर्यत आली की टाकी रिकामी करायचा आणि पिंप उचलू लागायला ताईला बोलवायचा. तिला वाटायचे, तो मैदानावरून जादा पिंपे भरून आणतो आणि गाडी बारा महिने हेच पिते.

साधे पेट्रोल असले तरी गाडी हळू चालवली की झाले, असे त्याने मनाशी पक्के करून टाकले होते. सपाट रस्त्यावर ते बऱ्यापैकी खरेही होते. पण त्यांचे घर चढावर होते. बाजार संपला की रस्ता वळतो, आणि शाळेच्या भिंतीपासून थेट त्यांच्या दारापर्यंत उभा चढ. तिथे आला की धाकटा गाडीला जपायचा. इंजिन जोरात फिरू नये म्हणून वरचाच गिअर ठेवायचा आणि पाय अगदी हळूहळू दाबत न्यायचा. मित्रांनो, जड पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्याला कोणी सांगावे, की एका वेळी तीन तीन पायऱ्या घे, म्हणजे पावले कमी पडतील, तसली ती माया होती. इंजिन संथ, भार सगळा अंगावर, आणि टाकीत अधीर पेट्रोल. मी वर जाऊन हवा दाबायचो, ठिणगी पडायची, ज्योत निघायची, आणि ती पोहोचण्याआधीच कडेचे पेट्रोल भडकायचे. माझ्या डोक्यावर घण पडायचा. टक. खाली जाऊन पुन्हा वर यावे तर पुन्हा टक.

पळून जाणार कुठे? मला खालून एक दांडा जोडलेला असतो, खाली ओढायला तोच आणि वर ढकलायलाही तोच. पुढचा घाव कुठे बसणार हे माहीत असूनही मला त्याच्याच खाली जाऊन उभे राहावे लागे. मला हात नाहीत, तोंड नाही. ती टकटक हीच माझी हाक होती. भिंतीवर ऐकायला कान होता, पण तो बहिरा केलेला. धाकट्याच्या खिडक्या बंद असत आणि आत गाणी चाललेली असत. मी रोज संध्याकाळी शाळेच्या भिंतीपासून दारापर्यंत ओरडत जायचो. दारात पोहोचल्यावर धाकटा स्टिअरिंगवर थोपटून "शाब्बास" म्हणायचा. त्या शाब्बासकीचा मला जेवढा राग यायचा तेवढा घावांचाही आला नाही.

ताई गॅरेज बंद करून त्याच्यानंतर घरी यायची. तोवर गाडी दारात गार होत असायची. जाताजाता ती बॉनेटवर हात ठेवायची. ती माझ्यापासून हातभर अंतरावर असे, आणि इंजिन बंद असल्यामुळे मला आवाज काढता येत नसे. सकाळी इंजिन सुरू झाले की मी सगळी ताकद लावून सांगायला जायचो, आणि निघायची ती नेहमीची गार अंगाची खडखड. ती ऐकून ताई आतून म्हणायची, "कुरकुऱ्या उठला वाटतं." मग गाडी निघून जायची, मी तापायचो, गप्प व्हायचो. असे किती दिवस गेले याचा मी हिशेब ठेवला नाही. माझ्या रिंगांच्या खाचांमधली भिंत बारीक असते. तिला केसाएवढी चीर गेली होती, आणि ती रोज चढावर थोडी थोडी वाढत होती.

हंगामाची शेवटची शर्यत आली. ताईने पिंपातले पेट्रोल स्वतःच्या हाताने टाकीत ओतले. टोपीवाले पहिल्या वळणावर येऊन उभे होते. त्या दिवशी एकही टकटक नव्हती. पेट्रोल उत्तम होते, आणि मी जीव तोडून धावत होतो. मनात म्हणत होतो, एवढा घाट निघू दे, मग काय व्हायचे ते होवो. पण चीर कोणाच्या मनाचे ऐकत नाही. तिसऱ्या वळणानंतर माझ्या कडेचा तुकडा निघाला. सिलिंडरची भिंत ओरबाडली गेली, मागून निळा धूर निघाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

ताईने मला बाहेर काढले तेव्हा उजेडाने मी बावरून गेलो. मला वाटले होते, ती रागावेल. तिने मला तळहातावर घेतले, तुटलेल्या खाचेवरून बोट फिरवले आणि तिचा चेहराच उतरला. "टकटकीनंच गेलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "पेट्रोल तर मी स्वतः ओतलं. म्हणजे माप चुकलं. माझंच चुकलं."

धाकटा तिच्या शेजारीच उभा होता. त्याने तोंड उघडले. मी श्वास रोखून वाट पाहिली, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

"जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "होतं असं कधी कधी."

पुढच्या आठवड्यात टोपीवाल्यांचा फोन आला. एक इंजिन फुटले म्हणून बांधणारा वाईट ठरत नाही, येता का, असे ते विचारत होते. ताईने नाही म्हणून सांगितले. "माझं माप चुकतं. उद्या तुमच्या एखाद्या पोराच्या जिवावर बेतेल." धाकटा तिथेच बूट पुसत बसला होता. त्याने तो बूट फारच वेळ पुसला. नंतर ताईने गॅरेजचे शटर खाली ओढले आणि मोठ्या रस्त्यावरच्या टायरच्या दुकानात काउंटरवर नोकरी धरली. मला ती बरोबर घेऊन गेली. "डोळ्यांसमोर असू दे रोज, म्हणजे पुन्हा हाव सुटायची नाही," असे ती आईला म्हणाली.

पिस्टन उलटा ठेवला की छान वाटीसारखा दिसतो. तिने मला काउंटरवर पालथा घातला आणि माझ्या पोकळीत पेने ठेवली. म्हणजे बघा, जे काही सांगायचे होते ते माझ्या माथ्यावर लिहिलेले होते, आणि माथाच टेबलाला टेकलेला. इंजिनातून सुटलो खरा, पण इथे तर ओरडायचीही सोय नव्हती. दिवसभर रबराचा वास, हवा भरायच्या यंत्राची फुसफुस आणि गिऱ्हाइकांची घाई. पेने आत यायची, बाहेर जायची. एकाने तर माझ्यात गोळीचा चिकट कागद टाकला. एके काळी घाटाचा राजा होतो, आणि आता मी कचऱ्याचा डबा झालो. ताई पावत्या करायची, हवेचा दाब सांगायची, आणि रस्त्यावरून एखादी गाडी मोठ्याने गेली की तिचा हात क्षणभर थांबायचा. मग पुन्हा लिहू लागायची. ती तिथे माझ्याइतकीच कोंडली होती.

टायरला ठिगळ लावताना एक चिकट द्रव वापरतात. एक दिवस त्याचा डबा काउंटरवर कलंडला. ताईने पटकन पुसले, पण माझ्याखाली गेलेले तिला दिसले नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर ती पेन घ्यायला आली तर मी टेबलाला घट्ट चिकटलो होतो. तिने पेने काढली, कडेने थिनर सोडले, थोडे थांबली आणि दोन्ही हातांनी मला जोरात उपटले. मी सुटलो, आणि माझ्या माथ्यावर भाजून बसलेला काजळीचा थर मात्र टेबलालाच चिकटून राहिला. जखमेची खपली निघावी तसा तो सगळा निघाला.

ताई मला पुन्हा ठेवायला गेली आणि मध्येच थांबली. मग खिडकीपाशी गेली. माझा माथा तिने उजेडात तिरपा धरला. त्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक बारीक असंख्य खड्डे होते. तिने त्यांवरून नख फिरवले, टेबलावरचा काळा थर पाहिला, पुन्हा खड्डे पाहिले. एवढी घट्ट काजळी बसायला महिने लागतात. खड्डे तिच्या खाली होते, म्हणजे आधीचे होते. शर्यतीच्या दिवसाचे नव्हते. आणि इंजिन बांधून झाल्यावर तिने स्वतः कान लावून ऐकले होते, तेव्हा एकही टक नव्हती. मला दिसत होते, ती मनातल्या मनात एकेक पायरी उतरत होती. मी कित्येक महिने तिला जे सांगत होतो ते ती आता वाचत होती. मला रडता येत असते तर त्या दुपारी मी रडलो असतो.

तिने मला पिशवीत टाकले आणि घरी आली. धाकट्याला त्या दिवशी सुट्टी होती. तो आणि आई उशिराने जेवायला बसले होते. ताईने मला त्याच्या ताटाशेजारी ठेवले, माथा वर करून.

"हे खड्डे जुने आहेत," ती म्हणाली. "माझं माप बरोबर होतं. तू काय घालत होतास?"

धाकट्याचा हात ताटातच राहिला. "आधी घरापुरतंच घातलं गं."

"आणि नंतर?"

"नंतर रोज. पण मी जपत होतो, ताई! चढावर तर वरच्या गिअरमध्ये, अगदी सावकाश. इंजिनला त्रास नको म्हणून."

"वरच्या गिअरमध्ये," ताई म्हणाली. तिला हसू फुटले आणि हसता हसता डोळे भरून आले.

आई एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. "तो आवाज का?" तिने विचारले.

"कुठला आवाज?"

"अगं, शाळेच्या भिंतीपाशी गाडी आली की डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाजायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ऐकू यायचं मला. वाजलं की मी पातेलं गॅसवर ठेवायची. म्हटलं, आला पोरगा, गरम जेवेल." ती घुटमळली. "शर्यतीची गाडी, मला वाटलं अशीच वाजत असेल."

मित्रांनो, मला वाटत होते की माझी हाक कोणाच्याच कानी पडली नाही. ती पडली होती. रोज पडली होती. माझ्या ओरडण्यावर या घरात जेवण गरम होत होते.

"इंजिन गेलं त्याचं काही नाही रे," ताई धाकट्याला म्हणाली. "दुसरं बांधता येतं. पण मी इथं, या जागी बसून रोज म्हणत होते, मला मापता येत नाही. आणि तू समोर बसून जेवत होतास."

"सांगणार होतो."

"कधी?"

ताईने डोळे पुसले. "आणि इंजिनचा कान मी बंद केला, ते माझं. ते काही मी तुझ्यावर ढकलणार नाही."

त्याच दिवशी तिने टोपीवाल्यांना फोन केला. ते आपुलकीने बोलले, पण जागा भरली होती. पुढे कधी निघाली तर नक्की कळवू, असे म्हणाले. ते 'पुढे कधी' अजून आलेले नाही. गेलेली संधी खरे काय ते कळले म्हणून परत येत नसते, हे मला तेव्हा समजले आणि फार वाईट वाटले.

मात्र टायरचे दुकान ताईने सोडले. गॅरेजचे शटर पुन्हा वर गेले, लाँड्रीवालीने पुन्हा नाक मुरडले, आणि नंतर स्वतःच येऊन विचारपूस करून गेली. मी आता तिथल्या फळीवर असतो, माथा वर करून. फुटलेला पिस्टन जोडता येत नाही, त्यामुळे मी पुन्हा धावणार नाही, आणि फळीवरून मला कुठे जाताही येत नाही. धाकट्याचे इंजिन पुन्हा बांधायला घेतले त्या सकाळी मी वरून सगळे पाहत होतो. ताईने त्याला समोरच्या स्टुलावर बसवले. "पेट्रोल कुठलं घालणार?"

"शर्यतीचं घालायला हवं, खरं म्हणजे..."

"घालायला काय हवं ते मला ठाऊक आहे. घालणार काय ते सांग."

धाकट्याने मान खाली घातली. "साधं."

"मग साध्याचं बांधते," ताई म्हणाली. तिने त्याच्यासाठी उंच डोक्याचे नव्हे, खोलगट माथ्याचे पिस्टन मागवले आणि दहाच वाट्यांचे गणित मांडले. गाडी आता शर्यत जिंकत नाही. बाजारातून चढ चढून शांतपणे दारात येते. आईला ती आल्याचे कळतच नाही, म्हणून हल्ली जेवण जरा गार मिळते, अशी धाकट्याची तक्रार आहे.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्या दुखण्याचा आवाज रोज ठरल्या वेळी येऊ लागला, की आपल्याला त्याची सवय होते. सवय झाली की आपण त्याला त्याचा स्वभाव समजतो आणि आपल्या कामाला लागतो. कृपा करून तसे करू नका. यंत्र असो, जनावर असो, नाहीतर तुमच्याच घरातले एखादे गप्प माणूस असो, रोजचा आवाज आला की एकदा तरी हातातले पातेले खाली ठेवा आणि चढापर्यंत चालत जाऊन पाहा.